तात्यांचा पासवर्ड

खेळी झाली की तात्या माउसवरचा हात उचलायचे, खुर्ची मागं सारायचे आणि म्हणायचे, "आपलं झालं. आता होऊ द्या तुमचं." मग डबा उघडायचे. तोवर भाकरीला हात नाही.

बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये आणि ते स्टोअरकीपर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. शेळगावहून मोटरसायकलवर यायचे, कानाला रुमाल बांधून. तुमच्याही नोकरीत असा एक जण असेल बघा, ज्याला सगळे तात्या म्हणतात आणि ज्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात असतं.

त्या खेळाचं वेड आणलं मी. काही डाउनलोड करायला नको, ब्राउझरमध्ये पान उघडलं की नकाशा समोर. पाच जणांची पाच राज्यं. प्रत्येकाने दिवसातून एकच खेळी करायची, सैन्य हलवायचं नाहीतर किल्ला बांधायचा, की पुढच्याची पाळी. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या कॉम्प्युटरवर आमच्या लढाया चालायच्या. मला वाटलं होतं, तात्यांना हे काय झेपणार! त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे तर आमच्या कालव्याच्या पाण्यासारखं हाय की. ज्याची पाळी त्यानं दारं धरायचं, बाकीच्यांनी गप बसायचं."

खेळायचे मात्र अजब. हल्ला करायचा असला की आदल्या दिवशी लॅबच्या दारात हजर. "राव, उद्या तुमच्या वरच्या किल्ल्यावर येतोय. तयारीत ऱ्हावा." अहो, असं सांगून कुणी लढतं का? आम्ही पोट धरून हसायचो. तरी वर्षभरात त्यांचंच राज्य सगळ्यात मोठं झालं, कारण त्यांच्याशी तह केला की त्या बाजूची काळजी मिटायची. सगळे त्यांच्याशीच तह करायला धावायचे. माझाही होता.

मग तात्यांच्या बायकोचं, काकूंचं ऑपरेशन ठरलं. तात्यांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि जाताना स्टोअरच्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला.

"माझी पाळी तेवढी तुमी चालवा."

"तात्या, मी तुमच्या शेजारचा राजा. मलाच देताय?"

"मग कुणाला देऊ? आमच्यात कुणी दवाखान्यात असलं तर शेजारीच त्याच्या उसाला पाणी देतो. आदी त्याचं, मग आपलं."

दोन दिवस मी इमानेइतबारे खेळलो. तिसऱ्या दिवशी बुद्धी फिरली. बाकीचे डिवचत होतेच, "अशी संधी परत यायची नाही." मी तात्यांच्या नावाने आत शिरलो, त्यांचं सगळं सैन्य सीमेवरून उचलून पार समुद्रकाठी नेऊन ठेवलं, आणि मग माझ्या नावाने त्यांची राजधानी घेतली. काय तो जल्लोष! मी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

तात्या परतले ते थेट लॅबमध्ये. ऑपरेशन नीट झालं होतं. येताना नरसिंहपूरला दर्शन घेऊन आले होते. प्रसादाचा पेढा माझ्या तळहातावर ठेवला. "तुमच्यामुळं हितली काळजी न्हवती बघा," म्हणाले. मी पेढा तोंडात टाकला. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दुपारी त्यांनी पान उघडलं. नकाशावर त्यांच्या रंगाचा एक ठिपका उरला होता, समुद्राला चिकटून. त्यांनी माउस त्या ठिपक्यावर नेऊन ठेवला. हसणारे हसायचे थांबले.

"हे सैन्य मी हलवलं न्हवतं," एवढंच म्हणाले.

"तात्या, खेळ आहे हो."

"व्हय. खेळच हाय."

डबा घेऊन ते बाहेर जाऊन बसले. पुन्हा कधी खेळले नाहीत. माझ्याशी बोलणं तसंच गोड. चहा सांगताना माझा कप कधी विसरले नाहीत. पण लॅबच्या दारात येणं बंद झालं. त्या दाराकडे बघायची मला लाज वाटायची. उद्या माफी मागू, परवा मागू, असं करत मी दोन वर्षं घालवली. खेळातल्या गोष्टीची कसली माफी मागतोस म्हणून हसतील, असं वाटायचं. मूर्ख मी! माफी खेळाची नव्हतीच.

ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत हार्ट अटॅकने गेले.

दहावं झाल्यावर शेळगावला गेलो. काकूंनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"लॅबमधले तुमीच व्हय? माझ्या ऑपरेशनच्या येळी त्यांची पाळी तुमीच चालवली ना? दवाखान्यात सारखं म्हणायचे, तितं माझा माणूस हाय. घरी आल्यावर मी इचारलं, केलं का हो त्यांनी नीट? तर म्हणाले, लई नीट केलं."

चहाचा कप हातात तसाच धरून मी बसलो होतो. आता तरी सांगायचं, एवढ्यासाठीच तर आलो होतो. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"हो काकू," मी म्हणालो, "नीट केलं."