बिनभाताचा बाऊल

“वजन वाढलंय,” कुलकर्णी साहेब म्हणाले. माझ्याकडे असे पाहत होते, जसं काही ते वजन मीच कुठून तरी आणून लोकांच्या पोटात भरलं.

“कोणाचं?” मी विचारलं.

“संध्याकाळी तुमच्याकडे जेवतात त्यांचं. सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं. वजन कमी करायचा प्रोग्राम आहे हा, रंजनाताई. तुम्ही त्या बाऊलमध्ये घालता तरी काय?”

बाजूला रिया मॅडम बसल्या होत्या. या डाएटिशियन. कंपनीनं त्यांना नागपूरहून बोलावलं होतं, आठवड्यातून एकदा यायच्या. त्या गप्प होत्या. त्यांचं गप्प बसणं मला जास्त लागलं, कारण बाऊलमध्ये काय घालायचं हे त्यांनीच ठरवलं होतं.

मी चंद्रपूरजवळच्या एका कंपनीच्या कॉलनीत स्टाफ क्लबचं किचन चालवते. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला तिथंच काम करायचं आहे. कुलकर्णी साहेब तिथले एचआर मॅनेजर, पुण्याचे. मी वडशाची. नवरा लवकर गेला, तेव्हा हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांना जेवण रांधून घालण्यापासून सुरुवात केली. मंडपामागे चुली, आणि पडदा उघडायच्या आत सगळी कलाकार मंडळी जेवलेली पाहिजेत. तिथून इथपर्यंत कोणाच्या शिफारशीनं आले नाही. दर टेंडरला भांडले, घासाघीस केली आणि काम मिळवलं. माझं तोंड तिखट आहे, हे मला माहीत आहे. पण माझ्या किचनमध्ये चोरी चालत नाही. आणि त्या दिवशी केबिनमध्ये आरोप चोरीचाच होता, फक्त शब्द गोड होते.

तो बाऊल मेक्सिकन होता. हे प्रकरण क्लबात कसं आलं ते सांगते. बाहेरगावची इंजिनिअर पोरं नूडल्सला कंटाळली होती. त्यांनी मागितलं, मी एका रविवारी करून पाहिलं. तेव्हाचं ते हॉटेलातलं मेक्सिकन होतं. मक्याचे तळलेले चिप्स, वर वितळलेलं चीज, त्यावर क्रीम. लोकांनी प्लेटा पुसून खाल्ल्या. क्लबात आधी कधी न दिसलेले टेंभुर्णे भाऊ पुढच्या रविवारी रांगेत पहिले होते. हे आरमोरीकडचे, प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज, पोट शर्टाच्या बटनांवर रागावलेलं. “बाई, त्या चिपसाले तिखट कमी हाय,” एवढीच त्यांची तक्रार.

मग कंपनीत हेल्थ चेकअप झालं. कोणाची शुगर वाढलेली, कोणाचं प्रेशर, पोट तर बहुतेकांचं. टेंभुर्णे भाऊंना डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवा, नाही तर गुडघे जातील आणि प्लांटच्या जिन्यावर चढणं बंद. साहेबांनी वेलनेस प्रोग्राम काढला आणि पहिलं काम म्हणून माझा मेक्सिकन रविवार बंद करायचं ठरवलं.

तिथं रिया मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या, हे कबूल केलं पाहिजे. त्या म्हणाल्या, “जेवण बंद करायची गरज नाही. मेक्सिकन खाऊन कोणी जाड होत नाही. त्यावर चीज आणि क्रीम ओतलं, चिप्स तळले, की होतं. राजमा, मका, टोमॅटो, मिरची, पालेभाजी, यात वाईट काय आहे?”

त्यांनी बाऊल ठरवला, रविवारपुरता नाही, रोज संध्याकाळचा. बाऊल म्हणजे खोलगट भांडं, त्यात थर. खाली कोबी आणि सॅलडचा पाला, वर शिजवलेला राजमा, परतलेली सिमला मिरची नि कांदा, थोडा मका, मग साल्सा. साल्सा म्हणजे टोमॅटोची चटणीच. फरक एवढाच, की ते लोक वाटून गुळगुळीत करत नाहीत. मी टोमॅटो, लसूण आणि मिरची निखाऱ्यावर भाजून ठेचले, वर लिंबू पिळलं. मिरची भिवापुरी घातली. क्रीमच्या जागी घरच्या दह्याचा चक्का. ॲव्होकाडोला मी साफ नाही म्हटलं. ते नागपूरहून येतं, वाटेत दगडाचं लोणी होतं नि लोण्याचं काळं. मॅडमनी ते सोडून दिलं.

भांडण भातावर झालं.

“राईस नको,” मॅडम म्हणाल्या.

“मेक्सिकोत खातात भात. मी व्हिडिओत पाहिलं. टोमॅटो घालून लाल करतात.”

“खातात. पण आपल्याला वजन उतरवायचंय.”

“मग पोट कशानं भरणार?”

“फायबरनं.”

साहेबांनी मध्येच तोडलं. “ताई, मॅडम तज्ज्ञ आहेत. तुम्ही फक्त बनवा.”

फक्त बनवा! आणि त्याच बैठकीत त्यांनी करारात अट टाकली. प्रोग्राममधल्या लोकांचं वजन उतरलं तर पुढच्या वर्षी किचन माझ्याकडे, नाही उतरलं तर नवीन टेंडर. मी बाकी सगळ्या अटींवर तासभर भांडले आणि या अटीवर हसून सही केली. तेल चमच्यानं मोजून, चीज नाही, भात नाही, मग वजन कशानं वाढणार, असं वाटलं. माझ्या किचनमध्ये ज्या बाया काम करतात, त्यातल्या बहुतेकींचं घर त्याच कामावर चालतं. ती सही त्यांच्याही चुलीवर होती.

आता वजन वाढलं होतं.

“माझ्या किचनवर शक असेल तर आत्ता चला,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर तपासा.”

वाटलं होतं, साहेब ओशाळतील. ते उठले! पुढे साहेब, मागे मॅडम. फ्रिज उघडला, चीज शोधलं. मॅडमनी माझ्या मोजमापाचे चमचे पाहिले. साहेबांनी तर तेलाच्या डब्यात नाक घातलं. माझ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. टेंडरमध्ये हरले तेव्हाही नाही. काही सापडलं नाही. सापडणार कुठून? साहेब म्हणाले, “बरं, बघू पुढच्या वजनाला.” सॉरी हा शब्द निघाला नाही.

रिया मॅडमनी प्रत्येकाला विचारलं होतं, बाऊलनंतर रात्री काही अरबटचरबट खाता का? सगळ्यांनी नाही सांगितलं. मला वाटलं, कोणी तरी खोटं बोलतंय. वजन सगळ्यात जास्त वाढलं होतं टेंभुर्णे भाऊंचं. त्याच संध्याकाळी क्लबात त्यांनी बाऊल संपवला, साल्सा दोनदा घेतला, “आज जमलं बाई” असं म्हणून गेले. मी हात पुसले आणि अंधार पडल्यावर त्यांच्या क्वार्टरकडे निघाले. भांडायलाच.

दार उघडंच होतं. भाऊ खाली मांडी घालून बसले होते. समोर ताट. ताटात वाफाळत्या भाताचा ढीग, त्यावर वरण, बाजूला वांग्याची भाजी.

“या, या बाई,” त्यांची बायको म्हणाली. “वेळेवर आल्या. बसा जेवाले.”

माझं डोकं फिरलं. “भाऊ! तुमी आत्ता माह्या इथून जेवून आले ना?”

भाऊंनी घास हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. “जेवून? नाई बा.”

“मंग ते बाऊल काय होतं?”

“ते होय नाश्ता. मस्त होता. पण जेवण कुठी झालं?”

“आणि मॅडमले तुमी सांगितलं, काई खात नाई म्हणून!”

“मॅडमनं इचारलं, अरबटचरबट खाता का. मी काऊन खाऊ अरबटचरबट? माह्या डोस्क्यात हाय ना वजन उतरवाचं. फरसाण बंद केलं, चहातली साखर बंद केली. इचार हिले.” बायकोनं जोरात मान हलवली. “पण भात नाई पडला पोटात, तर झोप येते का मानसाले?”

त्यात लबाडी कणभर नव्हती. मी ताटासमोर खाली बसले. राग होता तसाच होता, पण त्याला आता जायला जागा नव्हती. वडसा म्हणजे तांदळाचा बाजार. माझा जन्म त्यातला. आमच्याकडे “जेवला का” याचा अर्थ भात खाल्ला का असाच होतो. पोळी खा, मिसळ खा, लग्नात पाहिजे तेवढं खा, भात आला नाही तर माणूस जेवलेला नसतो. नाटकाचा राजासुद्धा भात खाल्ल्याशिवाय मुकुट घालत नसे, हे मी स्वतः वाढताना पाहिलेलं आहे. आणि मीच भात काढलेल्या जेवणावर सही करून बसले होते.

“दोन घास तरी खा,” भाऊंची बायको म्हणाली. खाल्ले. मीसुद्धा तेव्हापर्यंत जेवले नव्हते.

पुढच्या एकदोन दिवसांत मी कॉलनीतल्या बायांना विचारत फिरले. सगळीकडे तेच. नवरा क्लबातून आला, की ताट. आरमोरीचा, ब्रह्मपुरीचा, गडचिरोलीचा, सगळ्यांचं सारखं. आणि होस्टेलवर राहणारी बाहेरगावची पोरं, ज्यांच्यासाठी घरी कोणी भात लावत नाही, त्यांचं वजन उतरलं होतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी परत केबिनमध्ये. आधी मी शांतपणे बोलले. साहेब हसले.

“म्हणजे लोक दोनदा जेवतात! मग सोपं आहे. ग्रुपवर मेसेज टाकतो, घरी जेवू नका.”

“टाकून पाहा.”

टाकला. लोकांनी अंगठे दाखवले आणि घरी जाऊन भात खाल्ला. मेसेजात जेवू नका लिहिलं होतं. जेवल्याशिवाय कोण झोपतं?

मग खरी घासाघीस झाली. मी म्हटलं, “मले एक महिना द्या. बाऊलमध्ये भात मी घालणार.”

“वजन उतरवायला भात? ताई, तुम्ही ऐकत नाही हो.”

“तुम्ही पुण्यात काय खाता ते मला माहीत नाही. इथं भात न घालता तुम्ही लोकांना उपाशी ठेवून राह्यले, आणि उपाशी मानूस घरी जाऊन दुप्पट खाते. एक वाटी मी देते. नाही तर बायको पातेलं देते. तुमाले कोणतं पाहिजे?”

साहेब मॅडमकडे बघायला लागले. रिया मॅडमनी मला एकच विचारलं, “ते घरी किती भात घेतात?” मी ताटावर हातानं ढीग करून दाखवला. त्यांनी डोळे मिटले.

“वाटीभर द्या,” त्या म्हणाल्या. “मका काढा, राजमा थोडा कमी करा.”

“आणि भात वर पाहिजे,” मी म्हटलं. “पाल्याखाली लपवाल तर कोणी ते जेवणात मोजणार नाही. डोळ्यासमोर दिसला पाहिजे.”

मी बाऊलच काढून टाकला. ताटात वाढायला लागले. आमचा साधा तांदूळ, टोमॅटो, लसूण, जिरं घालून लाल केलेला, वाटीनं मूद पाडून ताटाच्या मधोमध. बाजूला राजमा, परतलेल्या भाज्या, कोबी, साल्सा, चक्का. आणि वेळ बदलली. आधी आम्ही उजेड असतानाच वाढायचो, ते चहाबरोबरचं खाणं वाटायचं. आता जेवायच्या वेळेला. शेवटचं काम मी कोणाला न विचारता केलं. कॉलनीतल्या बायांना गाठून सांगितलं, “भाऊ भात खाऊन येतात आता. तुमी लावू नका.”

पहिल्या दिवशी टेंभुर्णे भाऊंनी ताट पाहिलं, मुदीवर साल्सा घेतला, कालवला आणि खाली मान घालून खाल्लं. शेवटी ढेकर दिली.

“झालं का जेवण?” मी विचारलं.

“झालं बाई,” ते म्हणाले. “पण हे अदुगर काऊन नाई केलं?”

मला ते ताट त्यांच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं.

पुढच्या वजनाला काटा खाली आला. त्याच्या पुढच्याला आणखी. भाऊंनी पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं आणि ते सगळ्यांना दाखवत फिरले. प्लांटचा जिना आता ते बोलत बोलत चढतात.

वर्षाच्या शेवटी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हेड ऑफिसचे लोक आले. कुलकर्णी साहेबांनी पडद्यावर दाखवलं, स्थानिक आहारपद्धतीचा अभ्यास करून एचआरनं भाताचा समावेश कसा केला. अभ्यास! यांचा अभ्यास माझ्या तेलाच्या डब्यात नाक घालण्यापर्यंत होता. रिया मॅडमना ट्रॉफी मिळाली. त्यांनी माइकवर माझं नाव घेतलं, तेवढं बरं केलं. साहेबांनी घेतलं नाही. मी मागे उभी राहून पाहुण्यांना लिंबूपाणी देत होते. तो राग आजही गेलेला नाही, आणि जावा असा माझा प्रयत्नही नाही.

नंतर नवीन कराराची बैठक झाली. साहेब खुशीत होते.

“वजनाची अट तशीच ठेवू ना, ताई? आता तर तुम्हाला जमलंय.”

“मले नाई जमलं साहेब,” मी म्हटलं. “घरोघरच्या बायांनी रात्रीचा भात लावणं सोडलं, म्हणून जमलं. त्यांच्या सह्या आणा, मग मी करते.”

साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. भाव करताना आधी बोलतो तो हरतो, हे मी बाजारात शिकले आहे. शेवटी त्यांनी पेन घेतलं आणि त्या अटीवर आडवी रेघ मारली.

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगते. गिऱ्हाइकाला तुम्ही काय वाढलं याची जबाबदारी घ्या, घरी जाऊन तो काय खातो याची लिहून देऊ नका. आणि डाएट ठरवणाऱ्यांना सांगते, आमच्या भागात माणसाला काय काय खाता असं विचारत बसू नका. जेवण कशानं होतं, ते विचारा.