धाकल्याचे नाना

संगणक बंद करण्याआधी परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे जळगावचे आमचे घरमालक नाना. रोज संध्याकाळी ते पडद्याकडे वाकून विचारत, "धाकल्या, दमना का रे? बंद करू?" मग जरा थांबत आणि मगच बंद करत.

धाकला म्हणजे पडद्याच्या तळाशी अखंड नाचणारा एक मिशीवाला बुटका. थोरला, म्हणजे नानांचा खरा मुलगा, कॅनडात. नानी गेल्यावर तो आला होता, तेव्हा जाताना हे नाचरं सॉफ्टवेअर टाकून गेला. "नाना, तुम्हाला सोबत," असं म्हणाला म्हणे. त्याने गंमत केली होती. नानांनी ती मनावर घेतली.

धाकला झाकला गेलेला नानांना खपत नसे. वर्तमानपत्र ते अर्ध्या पडद्यात वाचत. कॅनडाचा फोन आला की थोरल्याचा चेहराही कोपऱ्यात सरकवत. थोरला वैतागायचा, पण वैतागायला तरी पाच मिनिटं जास्त बोलायचा, म्हणून नाना खूश.

मी वरच्या खोलीत राहायचो. नोकरीसाठी कोकणातून आलेला, एकटा जीव. संध्याकाळचा चहा खाली नानांकडे ठरलेला. संगणक फार रडायला लागला तेव्हा मी सुचवलं, "नाना, हा नाचरा काढून टाका, वेग येईल." नाना कपातला चहा ढवळत म्हणाले, "भाडेकरू काढता येस, भाऊ. घरना माणूस कसा काढू?" मी भाडेकरू. चहा संपवून वर गेलो.

श्रावणात नानांकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यांचे जाड रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, अशी त्यांच्याकडची रीत. नानांनी स्वतःचे गहू घेतले, थोरल्याचे घेतले, नातवाचे घेतले. मग पडद्याकडे बघून आणखी सव्वा मूठ टाकली. "सारा दिन नाचस बिचारा. त्याले उपाशी ठेवू का?"

मी हसलो खरा, पण आतून लागलं. माझ्याआधी त्या बुटक्याचा नंबर लागला होता. चौघांचे रोट पुढे कितीतरी दिवस नाना एकटेच दुधात कुस्करून खात बसले. जिन्यात तुपाचा वास यायचा. मला बघितलं की ते ताट जरा आड करत, म्हणजे मला वाईट वाटू नये. दोन माणसं, एक जिना, आणि दोघांनी आपापलं एकट्याने जेवायचं.

पुढे तो संगणक जळाला. थोरल्याने नवा पाठवला, पण धाकला काही परत मिळाला नाही. थोरल्याने शोधलं, मीही शोधलं. आता थोरल्याचा चेहरा पूर्ण पडदाभर दिसायचा आणि फोन लवकर संपायचा. नाना काही न विचारता संगणक बंद करू लागले. ते बघवत नसे.

त्या श्रावणात त्यांनी मला खालून हाक मारली. सुपात गहू होते. स्वतःचे, थोरल्याचे, नातवाचे घेऊन झाले आणि नानांनी माझ्याकडे बघत सव्वा मूठ वेगळी टाकली. मी म्हटलं, "नाना, धाकल्याच्या जागी मी का?"

"त्यानी जागा त्यानी शे," नाना म्हणाले आणि धाकल्यासाठी आणखी सव्वा मूठ टाकली. "ही त्यानी. पहिली तुमनी."

त्या वर्षी रोट दोघांनी मिळून संपवले. जळके होते. मी एक तुकडा टाकला नाही.

मग माझी धुळ्याला बदली झाली. नाना रोज संध्याकाळी फोन करत. बोलायला विशेष काही नसे, पण शेवटी हमखास विचारत, "दमना का, भाऊ? बंद करू?" मी "करा" म्हणेपर्यंत फोन ठेवत नसत.

नाना गेल्याला आता वर्ष होईल. थोरला येऊन घर विकून गेला. संध्याकाळी ऑफिसातला संगणक बंद करताना माझा हात थांबतो. मला कोणी विचारत नाही, आणि मीही कोणाला विचारायचं ते कळत नाही.