खंडेनवमीचा मदरबोर्ड

ऑफिसचा लॅपटॉप कुरिअरने परत गेला, त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने स्वतःचं मशीन बांधायचं ठरवलं. त्याची रजा संपली होती. तो बेचाळीस वर्षांचा होता, आजार स्वादुपिंडाचा होता आणि दिवाळीचा विषय निघाला की डॉक्टर बोलणं बदलत. त्याने त्यांना काही विचारलं नाही. मला एवढंच म्हणाला, "भाग आणून नुसते पडून राहायला नकोत. चालू झालेलं बघायचंय."

आम्ही तेव्हा रिहे गावात राहत होतो. महाळुंग्याच्या फ्लॅटभोवती चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि धुळीने त्याचा खोकला थांबत नव्हता, म्हणून एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. घरून बातम्या तपासायची परवानगी मिळाली होती. सांगलीकडच्या गावाहून सासूबाई येऊन राहिल्या होत्या.

त्याला साधं मशीन नको होतं. प्रोसेसरवर कंपनीने जो वेग लिहिलेला असतो, त्याच्या पुढे तो पळवायचा होता. कॉलेजच्या होस्टेलपासून हे मनात होतं. अशा मशीनला कुठलाही भाग चालत नाही. वेग वाढवण्याची मोकळीक ठरावीक प्रोसेसरनाच असते. तसा घेतला तरी मदरबोर्डही तशी मोकळीक देणारा लागतो, आणि त्याचा वीज पुरवणारा भाग जास्तीचा ताप सोसणारा लागतो. वेग वाढला की उष्णता वाढते, म्हणून कूलर मोठा. कूलर उंच, तर कॅबिनेट रुंद हवं. कूलर जाड, तर त्याच्याखाली मावेल इतकी बुटकी रॅम हवी. एक बदललं की बाकीचं पुन्हा पाहावं लागतं.

औषधांनी त्याची बोटं बधिर झाली होती. तो पडून सांगायचा, मी वहीत लिहायची.

"कॅबिनेटमध्ये किती उंच कूलर बसतो?"

"एकशे पासष्ट मिलिमीटर."

"आणि आपला?"

"एकशे साठ."

"कुठून घेतलंस?"

"दुकानाच्या वेबसाइटवरून."

"दुकानदार विकणाराच. बनवणाऱ्याचं बघ. बातम्या अशाच छापता का तुम्ही?"

बनवणाऱ्याच्या पानावर कूलरची उंची एकशे अडुसष्ट होती. कूलर बदलला. नव्या कूलरखाली ठरवलेली रॅम बसेना, म्हणून रॅमही बदलली. त्या दिवशी तो दोन वेळा जेवला.

घरमालक एकदा दारात उभे राहून खोकी बघत होते.

"ह्ये लाइट लई वढतंय का?"

"गिझरपेक्षा कमी," नवरा म्हणाला.

"मग वढू द्या. गिझर तुमी कुटं लावताय? पाणी तर चुलीवरचंच नेताय आमच्या."

घराला आर्थिंग नीट नव्हतं. हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परसात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरून नवी पट्टी पुरली आणि वायरमनला बोलावून जोडून घेतली. बदल्यात मशीन चालू होईल तेव्हा बोलवा म्हणाले.

शेवटचा भाग, मदरबोर्ड, खंडेनवमीच्या सकाळी आला. सासूबाईंनी पूजेची तयारी केलेलीच होती. त्यांच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते: विळा, कोयता, खुरपं. पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही.

"ह्या घरात हत्यार कुटलं? हेच की," त्या खोक्यांकडे बघत म्हणाल्या. "ज्याच्यावर पोट चालतं त्येची पूजा. काढ रं सगळं भाईर."

"आई, ह्याच्यावर पोट नाही चालत. हा शौक आहे."

"मग शौकाची करू. तू नुसता गप पड."

सगळे भाग पाटावर मांडले. त्याने बोर्ड मांडीवर घेतला आणि मधल्या चौकोनावरचं प्लास्टिकचं झाकण काढून भिंगातून पाहिलं. तिथे प्रोसेसर बसतो. केसाहून बारीक अशा हजारावर सोनेरी पिना तिथे रांगेने उभ्या असतात आणि त्यांना बोट लावायचं नसतं. एकही पिन वाकलेली नव्हती. बघताबघता तो दमला. बोर्ड माझ्या हातात देऊन म्हणाला, "झाकण लाव आणि मग ठेव."

मी "हो" म्हणाले. तेवढ्यात डेस्कवरून फोन आला. एका मथळ्यात गावाचं नाव चुकलं होतं. बोर्ड पाटावर ठेवून मी फोन घेतला. झाकण खिडकीच्या कट्ट्यावर राहिलं. फोन चार-पाच मिनिटांचा असेल. परत आले तेव्हा पूजा झाली होती आणि पाटावर झेंडूची फुलं पसरली होती. फुलांखाली काय आहे ते मी पाहिलं नाही. ते हलवायचंही नव्हतं.

दसऱ्याला सकाळी त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. फुलं बाजूला केली. चौकोनाच्या मधोमध कुंकवाचा ठसा होता, त्याला अक्षतेचे दोन दाणे चिकटलेले. त्याने भिंग लावलं. एकेक रांग करत ते सगळ्या चौकोनावरून फिरवलं.

सासूबाई हातात आरती घेऊन मागे उभ्या होत्या. कौतुकाने सांगत होत्या, "समद्यांना नुसतं शिंपाडलं. ह्येला मात्र बोटानं लावलं, चांगलं दाबून. मधी त्यो चौकोन दिसला, म्हटलं ह्येच ह्येचं कपाळ."

त्याने भिंग खाली ठेवलं.

"चांगलं केलंस," तो म्हणाला.

"मग लाव की आता."

"आज नाही लागणार, आई. बोर्ड सदोष आलाय. कंपनीकडून बदलून येईल."

"आज दसरा हाय आन् सदोष? मेले पाठवत्यात तरी कसं!" त्यांनी त्या न पाहिलेल्या कंपनीला सकाळभर शिव्या दिल्या.

त्या आत गेल्यावर तो मला म्हणाला, "तिला सांगायचं नाही." झाकणाबद्दल त्याने विचारलं नाही. ते कट्ट्यावरच होतं, त्याच्या पलंगावरून दिसत होतं. आणखी सतरा दिवस तो जगला. त्या सतरा दिवसांत कधीही विचारलं नाही.

वाकलेल्या पिनांना वॉरंटी नसते. तरी दोन दुपारी त्याने सुईने त्या सरळ करायचा प्रयत्न केला. बोटांना सुई कळत नव्हती. मी धरायची, तो भिंगातून सांगायचा: डावीकडे, जरा वर, थांब. अकरा पिना सरळ झाल्या. दोन तुटल्या. त्याने सुई मागितली, ती दोऱ्याच्या रिळात खोचली आणि म्हणाला, "दुसरा मागव."

तोच बोर्ड कुठे शिल्लक नव्हता. दुसरा निवडायचा म्हणजे वहीतलं सगळं पुन्हा ताडून पाहणं आलं. तेही त्याने केलं, रोज थोडं थोडं. त्या प्रोसेसरला तो बोर्ड जुन्या सॉफ्टवेअरवर ओळखत नाही, आधी पेन ड्राइव्हवरून नवं चढवावं लागेल, हे शेवटी त्यानेच सांगितलं. वहीत ती ओळ माझ्या अक्षरात आहे. तिच्यानंतर त्याने काही सांगितलेलं नाही.

नवा बोर्ड आला तेव्हा आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. घरमालकांचा फोन आला.

"पार्सल आलंय. घिऊ का?"

"घ्या."

"त्येंना सांगा, आलंय म्हणून."

त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्याला कळलं की नाही, हे मला सांगता येणार नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने मी मशीन बांधलं. वही समोर ठेवून, त्याच क्रमाने. सगळे भाग एकमेकांत बसले. एकही परत करावा लागला नाही. पहिला दिवस कंपनीने दिलेल्या वेगावर चालवायचं आणि मग एकेक पायरी वर न्यायचं, असं वहीत होतं. आठव्या पायरीला त्याने ठरवलेला आकडा स्क्रीनवर आला आणि तासभर टिकला. घरमालकांना बोलावलं होतं. ते टोपी काढून उभे राहिले.

"झालं म्हणायचं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने गेले.

गावी परतायच्या दिवशी सासूबाई मशीनसमोर बसल्या. आत फिरणारा पंखा त्यांनी निरखून पाहिला.

"दसऱ्याला ह्येच लागायचं व्हतं ना?"

"हो."

"त्यानं बगितलं असतं."

"हो."

"माज्या पूजेनं तर काय झालं न्हवतं ना गं? खरं सांग."

"नाही, आई. बोर्डच सदोष आला होता."

तो शेवटपर्यंत जे बोलला होता तेच मी बोलले. पण त्याच्या खोट्याने एकटी त्याची आई वाचत होती. माझ्या खोट्याने दोघी वाचल्या. वर्तमानपत्रात चूक गेली की आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. खंडेनवमीच्या त्या मथळ्यातलं गावाचं नाव वेळेत बदललं होतं.

मी अजून रिह्यातल्या त्याच खोल्यांत राहते. या वर्षी खंडेनवमीला गावाहून सासूबाईंचा फोन आला. "मशीनची पूजा केलीस का? कपाळाला लाव बरं, नुसतं शिंपाडू नगंस." कॅबिनेटला आता काच आहे, स्क्रू घट्ट आहेत. काचेवर, आतला कूलर दिसतो त्या जागी, मी बोटाने कुंकू लावलं आणि फोटो पाठवला. मग खिडकीच्या कट्ट्यावरचं झाकण उचललं, खालची धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवलं.