अण्णा गेले, धाक राहिला

मंडळी, आज घाटावरून निघालो तो थेट सायबर कॅफेत येऊन बसलोय. पोटातली आग कुठे तरी ओकायला हवी.

शेजारच्या सदाशिवच्या वडिलांचं दहावं होतं. तासभर झाला तरी पिंडाला कावळा शिवेना. शेवटी त्याचे काका म्हणाले, "सदा, अण्णांचा जीव कशात अडकलाय हे तुला ठाऊक आहे. बोलून टाक, सुमतीचं त्या बंगाली मुलाशी लग्न होणार नाही म्हणून."

बावन्न वर्षांचा बँक अधिकारी शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. त्याची लेक सुमती मागच्याच पायरीवर उभी होती. "बाबा, तुम्हीच हो म्हणाला होतात ना?"

त्याने वळूनही पाहिलं नाही. हात जोडून म्हणाला, "नाही होणार, अण्णा."

तरीही कावळा आला नाही. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तो आधीही करता आला असता. अण्णांना दिलेला शब्द मात्र कुणी परत घेतला नाही.

बापाचा धाक लहानपणीच मनात चौकीदार होऊन बसतो, त्यालाच पराहम म्हणतात, हे मी व्याख्यानांतून घसा फोडून सांगत आलो. बाप जळतो, चौकीदार जळत नाही.

आणि मी? सुमतीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी नदीकडे पाहिलं. माझ्या तोंडावर कोणाचा हात होता? तुमच्या तोंडावर कोणाचा असतो?