खळ घातलेलं लुगडं

पोटुशी होते तेव्हा मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याला कडक खळ घालून इस्त्री केली होती. शहाणीच ना मी! नेसून-धुऊन मऊ झालेलं ते लुगडं बाळाच्या दुपट्यांसाठी काढलेलं. मी त्याचा पापड केला. मऊ लागलं की जग कोपराने खणतं, एवढंच तेव्हा मला ठाऊक. म्हणून मीही कडकच असायची.

आज गॅलरीत वाळणाऱ्या माझ्या सुती पातळाला हात लावला, तर हाताला काही लागलंच नाही, इतकं मऊ. मीही झालेय तशी. पण आता खणायलाही कोणी फिरकत नाही. परदेशातली नात गरोदर आहे. फोनवर म्हणाली, “आजी, काही पाठवू नकोस हं. इथे सगळं तयार मिळतं.” बरं म्हटलं. आणि संध्याकाळी तेच पातळ पुन्हा नेसले. अजून थोडं मऊ होईल.

त्या दिवशी सासूबाई रागावल्या नाहीत. कडकडणारं लुगडं अंगाला गुंडाळत एवढंच म्हणाल्या, “आता मलाच पुन्हा नेसून मऊ करायला हवं. तू पोटातल्याला सांग, जरा थांब म्हणावं, आजी नेसतेय.”