शिवेवरून आणलेली मरीआई

विनायक गेल्याचा निरोप मला अकोल्यात एका कापूसगाडीवाल्याने दिला. तो अंगणात आला नाही. फाटकाबाहेरूनच म्हणाला, "बाई, तुमचे भाऊ गेले. पटकी झाली होती." पाणी देऊ केले, तर नको म्हणाला आणि बैल हाकून निघून गेला...

त्याला महिना झाला. अमरावतीत त्याच्या मरणाबद्दल लोक बरेच काही बोलतात, म्हणून मला ठाऊक आहे तेवढे लिहिते.

विनायक माझा धाकटा भाऊ, अमरावतीच्या शाळेत मास्तर. अमेरिकेतल्या लढाईने कापूस महागला, त्यात श्रीमंत झालेल्या एका शेटजींना गावात अजबखाना हवा होता. त्यांनी रिकामे गोदाम दिले आणि मांडणी विनायकवर सोपवली. त्याने जुनी लुगडी, पाळणे, पितळी दिवे गोळा केले. पण त्याचे खरे लक्ष बघणाऱ्यांवर. माणसे शिरली की उजवीकडेच वळावीत म्हणून त्याने दोर बांधले. लुगडी उजेडात ठेवली, दिवे अंधारात. प्रत्येक वस्तूपुढे, उभे कुठे राहायचे तिथे, चुन्याची रेघ ओढली. "आक्का, लोक बघत नाहीत, नुसते पुढे सरकतात. त्यांना थांबवावं लागतं," असे म्हणायचा.

शेवटच्या वळणावर त्याने मरीआईचा गाडा ठेवला. गावात पटकी आली की लाकडाची देवी गाड्यात बसवून शिवेबाहेर सोडतात. पुढचे गाव तिला आणखी पुढे ढकलते. तेल्हाऱ्याजवळ माळावर पडलेला असा एक गाडा त्याने कोरीवकामासाठी उचलून आणला. छपराची दोन कौले काढून उजेड नेमका देवीच्या तोंडावर पाडला.

मी बघायला गेले त्या दिवशी तेल्हाऱ्याचा एक शेतकरी तिथे थबकला. "मास्तर, हिले आमी शिवेबाहेर सोडून आलो. तुमी घरात आनली काहून?"

"इथं ती देवी नाही, बापा. सुताराचं काम आहे. तसं पाहा."

"पायतो. पन ते माय तुमच्याकडं कशी पाहून राहिली, तेबी पाहा."

विनायक हसला. मागची माणसे हसली नाहीत. पुढे तिथे नारळ, कुंकू दिसू लागले. मग तेही थांबले आणि लोक आधीच्या वळणावरूनच परतू लागले. मी म्हटले, गाडा काढ. "एकानं तरी तिच्याकडं नीट बघेपर्यंत नाही," तो म्हणाला. थोड्याच दिवसांत बाजारात पटकी आली, आणि त्याच्या आळीत ती पहिल्यांदा शिरली त्याच्याच घरात. बाजारात गाड्यांची गर्दी, विहीर एकच. पटकीला देवी लागत नाही, हे मी तेव्हाही म्हटले, आताही म्हणते.

गाडा अजून तिथेच आहे. शेटजी हलवा म्हणतात, पण गाडीवान हात लावत नाहीत आणि कुठलेही गाव तो शिवेवर घेणार नाही. विनायकचे सामान आणायला गेले तेव्हा मी गोदाम उघडायला लावले. किल्लीवाला दारातच थांबला. मी दोरांच्या वाटेने शेवटपर्यंत गेले, त्याच्या रेघेवर उभी राहिले आणि पुरता वेळ पाहिले. डाव्या हातातली एकेक बांगडी सुताराने सुटी कोरली आहे. मधून उजेड दिसतो. काम सुंदर आहे. विनायकचे खरे होते.

मग निघाले... आणि दाराशी आल्यावर लक्षात आले, सारी वाट मी तिच्याकडे पाठ न करता, मागे मागे चालत आले होते.