डावीकडची वाट

आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत बातमी फिरतेय, की संयोगिताअक्कानं एका स्टार्टअपवाल्याला किल्ल्याच्या खंदकात ढकललं. साफ खोटं! तो आपल्या पायांनी गेला, आणि वर पाच जणांना घेऊन गेला. अक्कानं फक्त वाट सांगितली.

अक्का माझी शेजारीण. शहराबाहेरच्या एका जुन्या किल्ल्यावर दर रविवारी लोकांना फिरवते. घर त्यावरच चालतं. तट-बुरूज तिला वडिलांनी, आप्पाजींनी, बोट धरून दाखवले. बाकीचं तिनं गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसून बारा वर्षांत गोळा केलं. मी फुकट्या, दर रविवारी मागून असतोच.

तो स्टार्टअपवाला, कोरमंगलाचा उपेंद्र, आधी दोन रविवार आला. खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू. दुसऱ्यांदा चहाच्या टपरीवर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "इनका सारा बोलना अ‍ॅप में डाल देंगे. फिर गाइड की ज़रूरत ही नहीं." अक्का मागंच चहा फुंकत उभी. नुसती गोड हसली. ते हसू बघून मलाच धडकी भरली.

तिसऱ्या रविवारी ती मोठ्या दरवाजाच्या आत थांबली. तिथं दोन वाटा. उजवी महालाकडे जाते. डावी शत्रूला फसवायला बांधलेली: वळणं घेत नेते आणि गुळगुळीत उतारावरून खंदकात सोडते. उतरणं सोपं, चढणं अशक्य. वर भिंतीत बंदुका रोखायच्या जंग्या.

एरवी इथं नुसता हात करणारी अक्का आज खणखणीत म्हणाली, "इथून डावीकडे! उतार आला की बिनधास्त खाली!" आणि हात केला उजवीकडे. लोक हात बघून उजवीकडे वळले. उपेंद्र रेकॉर्डिंग चालू ठेवून, फोनमध्ये मान खुपसून त्यांच्या मागोमाग.

मी कुजबुजलो, "अक्का, चुकलीस."

"सरी अण्णा, स्वल्प गप्प बस."

महिन्याभरानं उपेंद्र पाच पैसेवाल्यांना अ‍ॅप दाखवायला घेऊन आला. स्वतः आधी वापरून बघायला वेळ कुणाला! सहाही जण कानांत बोंडं घालून अक्काच्या आवाजामागं डावीकडे वळले आणि बुटांसकट खंदकाच्या चिखलात घसरले.

वर तटावर अक्का आपल्या पंधरा लोकांना दाखवत होती, "बघा, शत्रू असा सापडायचा. मग वरून उकळतं तेल. आज तेवढं आणायचं राहिलं."

खालून उपेंद्र ओरडला, "मॅडम, बाहेर पडायची वाट कुठंय?"

अक्कानं जंगीला तोंड लावलं.

"माझा आवाज तुमच्या खिशात आहे ना? त्यालाच विचारा."